मी बारसं केलेलं गाव

माझा स्वभाव क्षमाशील नाही, हे आधीच सांगून टाकते. राग धरून ठेवला की आपल्यालाच त्रास होतो, असं लोक म्हणतात. मला नाही झाला. मी माझा राग अगदी निगुतीने सांभाळला, लोणच्याची बरणी सांभाळावी तसा, आणि त्या काळात माझी झोप कधी नव्हती इतकी छान होती. त्रास ज्याला व्हायला हवा होता त्यालाच झाला.

मी नाशिकच्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. राहायला नाशिक रोडला. वडील नोटांच्या प्रेसमध्ये कामाला होते. कॉलनीतल्या विहाराशेजारच्या खोलीत बसून आम्ही पोरं अभ्यास करायचो, आणि त्या खोलीतून पीएच.डी.पर्यंत पोचलेली मी पहिली. त्यामुळे माझा प्रबंध हा माझा एकटीचा नाही, सगळ्या कॉलनीचा आहे. वडील तो पाहुण्यांना दाखवायचे. वाचता येत नसलेल्या माझ्या आत्यानेसुद्धा त्याला हात लावून पाहिला होता.

विषय होता नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या आदिवासी पाड्यांमधल्या ग्रामसभा. ग्रामसभेच्या इतिवृत्तात सगळे ठराव एकमताने मंजूर झालेले असतात. बाया मागे बसतात, हात वर करतात, निघून जातात. पुस्तकी अभ्यासक ते वाचून लिहितात, बायकांचा सहभाग नाममात्र. मीही तेच लिहिणार होते. पण एका पाड्यावर जाऊन जाऊन बायांशी ओळख झाली आणि कळलं, की सभेच्या आदल्या दिवशी हापशावर त्यांची स्वतःची सभा होते. कुणी बोलवत नाही, इतिवृत्त नाही, अध्यक्ष नाही. नागलीची पोती, रस्ता, रेशन, दारूचा धंदा, कशाकशावर उद्या हात वर करायचा आणि कशावर खाली ठेवायचा, ते हंडे भरता भरता ठरतं. दुसऱ्या दिवशी पुरुषांना वाटतं, बाया आपल्यामागे आल्या. खरं म्हणजे पुरुषच बायांच्या मागे गेलेले असतात. मी त्याला नाव दिलं, आदल्या दिवसाची सभा. एवढंच माझं राज्यशास्त्रातलं योगदान, पण ते माझं आहे.

त्या बायांनी मला सगळं सांगितलं ते एका अटीवर. त्यातली वयाने मोठी होती ती म्हणाली, "ताई, लिव्हा तुमी बिनधास. पन आमचं नाव नको, गावाचं बी नको. सरपंचाला कळलं तं हापशावर बसू नाय देनार." मी शब्द दिला. आमच्या शास्त्रात ही रीत आहेच. ज्यांना धोका असतो त्यांच्या गावाचं नाव बदलायचं. मी त्या पाड्याला एक नवं नाव ठेवलं, कुठल्याही तालुक्यात खपून जाईल असं साधंसुधं, आणि तालुकाही बदलला. पाडा भलतीकडे, मी लिहिलं पेठ तालुका. ते नाव ठेवताना मला फार गंमत वाटली होती. गावाचं बारसं करायला मिळणं काही रोजचं नाही. प्रबंधात त्या नावाखाली एक तळटीप दिली, की गावाचं व तालुक्याचं नाव काल्पनिक असून ते प्रस्तुत लेखिकेने ठेवलेलं आहे.

प्रबंध झाला. मग त्यातल्या मुख्य प्रकरणाचा इंग्रजीत लेख करायला घेतला. आमच्या विषयातलं एक मोठं मानाचं जर्नल आहे, त्यात छापून आलं की माणूस मोठा झाला असं धरतात. बढतीच्या फाईलला तर ते लागतंच. त्यांची पद्धत अशी, की लेख ज्याच्याकडे तपासायला जातो त्याला लेखक कोण ते कळू द्यायचं नाही आणि लेखकाला तपासणारा कोण ते कळू द्यायचं नाही. म्हणून लेख पाठवताना आपलं नाव काढायचं, महाविद्यालयाचं नाव काढायचं, आपल्याला ओळखता येईल असं वाक्यसुद्धा काढायचं.

मला ही पद्धत मनापासून आवडली होती. आपल्याकडे माणूस पहिल्या पानावर आधी आडनाव वाचतो आणि मग ठरवतो, पुढचं किती गंभीरपणे वाचायचं. मी हे शाळेपासून बघत आलेय. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला आडनावाशिवाय वाचणार होतं. पाठवायचं बटण दाबताना मला चक्क नवीन कपडे घातल्यासारखं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी जर्नलच्या कार्यालयातून लेख परत आला. गावाच्या नावाखालच्या तळटिपेत मी माझ्या प्रबंधाचा हवाला दिला होता, त्यावरून ओळख पटते, ती काढा, असं म्हणणं होतं. नियम तो नियम. मी अख्खी तळटीप उडवली. लेख स्वीकारला की पुन्हा घालू, असा विचार केला आणि लेख परत पाठवला.

मग वाट पाहणं. लेख पाठवून वाट पाहणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. सहा महिने गेले, मी विचारलं, उत्तर नाही. अजून काही महिने गेले. मग एका दुपारी, दोन तासांमधल्या सुटीत, मेल आला. नाकारला होता.

तपासणाऱ्याचा अभिप्राय सोबत जोडलेला होता. मराठीत सांगायचं तर त्यात म्हटलं होतं, की लेखाची भाषा अभ्यासकाची नसून कार्यकर्त्याची आहे. लेखक भावनेच्या आहारी गेलेला दिसतो. हापशावरच्या गप्पांना सभा म्हणणं हा अतिउत्साह आहे. आणि लेखकाने अमुक, अमुक आणि अमुक हे तीन महत्त्वाचे निबंध वाचलेले दिसत नाहीत, ते आधी वाचावेत.

ते तिन्ही निबंध एकाच माणसाचे होते.

आमच्या धंद्यात हे सगळ्यांना माहीत असतं. बुरखा घालून यायचं आणि बुरख्यावर आपलंच नाव भरतकाम करून आणायचं, अशी ही मोठ्या लोकांची सवय. स्टाफरूममध्ये मी ती नावं वाचून दाखवली तेव्हा सगळे हसले. मीही हसले. हे महाशय मोठ्या शहरातल्या मोठ्या विद्यापीठात प्राध्यापक, समित्यांवर, टीव्हीवरच्या चर्चांमध्ये. मी त्यांना महाशयच म्हणणार आहे, नाव घेऊन तोंड विटाळायचं नाही. तर महाशयांचे तिन्ही निबंध मी आणून वाचले. सगळे इतिवृत्तं वाचून लिहिलेले. गडी कधी पाड्यावर गेलेलाच नव्हता.

पुढच्या वर्षी त्याच जर्नलचा ग्रामसभांवरचा विशेषांक आला. पहिलाच लेख महाशयांचा. मी तो ग्रंथालयात उभ्याउभ्याच वाचायला घेतला, आणि दुसऱ्या पानावर खुर्ची ओढून बसले. आदल्या दिवसाची सभा. हापसा. हंडे. इतिवृत्त आणि हंडा यातला फरक, तो माझा परिच्छेद, वाक्यं थोडी इकडची तिकडे केलेली. आणि गाव तेच. मी ठेवलेलं नाव, पेठ तालुका, जसंच्या तसं.

वर भर म्हणून महाशयांनी वेशीवर हनुमानाचं देऊळ बांधलं होतं आणि देवळाच्या पारावर म्हातारे बसवले होते. माझ्या पाड्यावर पार नाही की देऊळ नाही. शेवटी आभार. क्षेत्रकार्याच्या काळात त्या गावच्या लोकांनी केलेल्या आदरातिथ्याबद्दल मी त्यांचा कायम ऋणी राहीन. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या बायांनी मला नागलीची भाकर आणि लाल मिरचीचा ठेचा खायला घातला, त्यांचं आदरातिथ्य या माणसाने एसीत बसून लाटलं होतं.

संपादकांना मी सविस्तर लिहिलं. माझा लेख, माझा प्रबंध, सगळं जोडलं. उत्तर आलं ते अगदी गुळगुळीत. विषयातलं साम्य आम्ही समजू शकतो, परंतु एकाच गावात दोन अभ्यासकांनी स्वतंत्रपणे काम करणं शक्य आहे आणि दोघांना एकच गोष्ट दिसणंही शक्य आहे. प्रबंध त्यांनी उघडूनसुद्धा पाहिला नव्हता, हे उघड होतं.

मी ते उत्तर घरी नवऱ्याला वाचून दाखवलं. ते रेल्वेत आहेत, रोज मनमाडला जाऊन येऊन करतात. बूट काढता काढता त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "एकाच गावात म्हणजे? ते गाव तर तू तयार केलंय ना?"

एवढी वर्षं त्या गावाच्या नावासोबत काढलेली, माझ्या डोक्यात ते गाव इतकं खरं झालेलं, की संतापाच्या भरात ही गोष्ट माझ्याच लक्षात आली नव्हती. तळटीप काढलेली होती. त्यामुळे महाशयांना हे गाव काल्पनिक आहे हे माहीतच नव्हतं. जे गाव पृथ्वीवर नाही त्या गावच्या लोकांच्या ऋणात महाशय कायमचे राहणार होते. मी हसायला लागले. इतकी हसले, की नवऱ्याने पाणी आणून दिलं.

"आता कळव त्यांना," ते म्हणाले.

"नाही कळवायचं," मी म्हणाले. "कळवलं तर ते म्हणतील, छापताना चूक झाली. महाशय म्हणतील, साहाय्यकाने घोळ घातला. दुरुस्तीची दोन ओळींची चौकट येईल आणि झालं. मला चौकट नकोय."

"मग काय हवंय?"

"मला त्यांचं तोंड बघायचंय."

ते म्हणाले, सोडून दे, आपल्याला काय करायचंय, नोकरी आहे, पगार आहे. भला माणूस आहे माझा नवरा. पण सोडून देणं हे माझ्या रक्तात नाही.

सोडून द्यायची सोयही राहिली नाही, कारण इकडे भलतंच झालं. माझा लेख मी त्याआधीच दुसऱ्या एका जर्नलला पाठवून दिला होता. तिथे आता लेख यंत्रात घालून तपासतात, कुठून उचललाय का ते बघायला. यंत्राने दाखवलं, हा लेख महाशयांच्या लेखाशी भलताच जुळतो. माझा प्रबंध मराठीत, तो यंत्राला दिसलाच नाही. त्यांनी लेख परत केला आणि वर आमच्या प्राचार्यांना कळवलं, की आपल्या प्राध्यापिकेने वाङ्मयचौर्य केल्याचं दिसतं, कृपया चौकशी व्हावी.

म्हणजे चोर मी.

प्राचार्य वाईट नाहीत, पण वरून पत्र आलं की त्यांचा आवाज बदलतो. केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "मॅडम, समिती नेमावी लागेल. तोवर तुमची बढतीची फाईल पुढे जाणार नाही. आणि खरं ठरलं तर, तुम्हाला माहीतच आहे." मला माहीत होतं. पीएच.डी.सुद्धा जाते. कॉलनीत, विहारात, आत्याने हात लावून पाहिलेली ती पीएच.डी.

स्टाफरूममध्ये मी गेले की बोलणं थांबायला लागलं. एक बाई, जिच्या डब्यातली भाजी मी वर्षानुवर्षं खाल्ली, ती माझ्या पाठीमागे म्हणाली, या लोकांना घाई असते ना पुढे जायची. या लोकांना. मी ते ऐकलं आणि ऐकलं नाही असं दाखवलं. त्या दिवसापासून मी तिच्या डब्याला हात लावला नाही आणि आजही लावत नाही.

प्राचार्यांना मी तिथल्या तिथे सगळं सांगू शकले असते. जीभ शिवशिवत होती. पण त्यांचा स्वभाव मला ठाऊक. मी बाहेर पडताच त्यांनी महाशयांना फोन लावला असता, सर, आमच्या मॅडमचं असं असं म्हणणं आहे, जरा खुलासा करा. आणि महाशयांना खुलासा रचायला आठवडा मिळाला असता. म्हणून मी मान खाली घालून म्हणाले, "सर, आपलं राष्ट्रीय चर्चासत्र तोंडावर आलंय. ते होऊ दे, मग मी समितीपुढे लेखी उत्तर देते." ते लगेच कबूल झाले. चर्चासत्राचं सगळं काम माझ्याच गळ्यात होतं ना.

चर्चासत्राचा विषय स्थानिक स्वराज्य. प्रमुख पाहुणे म्हणून मी महाशयांचं नाव सुचवलं. प्राचार्य चमकले. "तुम्हाला चालेल?" म्हणाले. मी म्हटलं, "सर, चौकशी एका बाजूला, विद्वत्ता एका बाजूला." त्यांच्या डोळ्यांत माझ्याविषयी आदर दाटून आला. महाशयांनीही तत्काळ होकार कळवला. माझी तक्रार संपादकांनी त्यांच्या कानावर घातली होती की नाही कोण जाणे. घातली असली तरी ती केव्हाच निकालात निघाली होती, आणि नाशिकच्या कुणा बाईची तक्रार लक्षात ठेवावी एवढी ती त्यांच्या लेखी मोठी नव्हती.

पहिला दिवस उत्तम गेला. महाशय बोलले, ग्रामसभेवरच बोलले, माझी हापशाची गोष्ट सांगताना त्यांचा गळा थोडा दाटूनही आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत बसून वाजवल्या. दिवसाचं शेवटचं सत्र संपलं तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या सूचना देण्याचं काम माझं होतं. पत्रिकेत एवढंच छापलं होतं, सकाळी क्षेत्रभेट, पेठ तालुका. मी माइक घेतला आणि सांगितलं, "आपलं भाग्य की उद्या स्वतः सर आपल्याला त्यांच्या अभ्यासातल्या गावात घेऊन जाणार आहेत. ज्या हापशाबद्दल आपण आज ऐकलं, तो हापसा आपण बघणार आहोत." मग गावाचं नाव घेतलं. मी ठेवलेलं नाव सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं घेतलं.

महाशय खुर्चीत सावरून बसले. चहाच्या वेळी मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, गावकऱ्यांना उगाच त्रास कशाला? एवढी माणसं पाहून बुजतात हो ते." मी म्हटलं, "तुम्ही सोबत आहात ना सर, तुम्हाला तर ते घरचं माणूस समजत असतील." सकाळी त्यांची कंबर दुखत होती. प्राचार्य स्वतः मलम घेऊन खोलीवर गेले आणि म्हणाले, सर, तुमच्याशिवाय कशी होणार क्षेत्रभेट. इतक्या प्रेमाने त्यांना बसमध्ये चढवलं, की मला प्राचार्यांचे पाय धरावेसे वाटले.

मी त्यांना ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसवलं. रस्ता दाखवायला.

आता इथे माझा डाव नीट सांगते. महाशयांपुढे दोनच वाटा होत्या. एक तर ते गाव दाखवायचं, जे नाहीच. किंवा कबूल करायचं की गावाचं नाव खरं नाही. त्यांच्यासारखा हुशार माणूस दुसरी वाट धरणार, आणि ती मोठ्या ऐटीत धरणार, अशी माझी अटकळ होती. मला तीच हवी होती.

बस पेठ रोडने निघाली. रामशेज मागे पडला, सावळघाट आला, प्रतिनिधी मंडळी गाणी म्हणत होती. महाशय खिडकीतून बाहेर बघत होते आणि रुमालाने मान पुसत होते. करंजाळीला चहासाठी थांबलो. आमच्यातल्या एका उत्साही प्राध्यापकाने हॉटेलवाल्या बाईला गावाचं नाव सांगून रस्ता विचारला. बाई विचारात पडली. "तसा पाडा नाय आपल्याकडं," म्हणाली. "मी हितलीच हाय, मला नाय म्हाईत." सगळे महाशयांकडे बघायला लागले. ड्रायव्हर वैतागलेला. त्याने विचारलं, "सर, सांगा ना कुठं वळायचं ते. सरळ घेऊ का मागं?"

महाशय उठले. बसच्या पायरीवर चढले, सगळ्यांना दिसेल असे उभे राहिले, आणि हसले. मला त्यांचं मानलंच पाहिजे. म्हणाले, "मित्रांनो, मी मुद्दामच तुम्हाला इथपर्यंत येऊ दिलं. तरुण अभ्यासकांसाठी हा एक धडा आहे. या नावाचं गाव नाही. ज्या स्त्रियांनी माझ्यावर विश्वास टाकला, त्यांना धक्का लागू नये म्हणून मी गावाचं नाव बदललं. खरं नाव मी कधीच सांगणार नाही. संशोधनाची नीतिमत्ता म्हणजे हीच."

टाळ्या पडल्या. एक मुलगी डोळे पुसत होती. आमचे विद्यार्थी महाविद्यालयाच्या फेसबुक पानासाठी मोबाईलवर सगळं टिपत होते, कारण मी त्यांना तसं सांगूनच ठेवलं होतं. मी पुढे झाले.

"म्हणजे सर, हे नाव तुम्ही स्वतः ठेवलंत?"

"अर्थात. मीच."

"दुसऱ्या कुणी सुचवलं नव्हतं?"

"छे, छे. एका संध्याकाळी त्या बायांशी बोलता बोलता सुचलं."

"सुंदर नाव आहे सर," मी म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

परत येताना महाशय एकदम मोकळे झाले होते. गाण्याच्या भेंड्यांत भाग घेतला. पेरू खाल्ले.

दुपारी समारोप. मंचावर प्राचार्य, संस्थेचे पदाधिकारी आणि मध्ये महाशय. शाल झाली, श्रीफळ झालं, स्मृतिचिन्ह झालं. महाशयांनी अंगावरची शाल तशीच ठेवली, फोटोत बरी दिसते म्हणून. शेवटी आभारप्रदर्शन, ते माझ्याकडे. आपल्याकडे आभारप्रदर्शन कुणी ऐकत नाही. लोक पिशव्या आवरतात, प्रमाणपत्राच्या टेबलाकडे बघतात. मी मंडपवाल्यापासून सुरुवात केली, जेवण करणाऱ्या महिला बचत गटाचे आभार मानले, आणि मग महाशयांकडे वळले.

"सरांचे मला विशेष आभार मानायचे आहेत. आज सकाळी सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की त्यांच्या लेखातल्या गावाचं नाव काल्पनिक आहे आणि ते त्यांनी स्वतः ठेवलंय. हे नाव माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात आहे. सरांचा लेख छापून यायच्या कितीतरी आधी तो विद्यापीठात दाखल झाला आणि संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो. तिथे त्या नावाखाली तळटीप आहे, की हे नाव प्रस्तुत लेखिकेने ठेवलेलं आहे. एका गावात दोन अभ्यासक जाऊ शकतात. पण जे गावच नाही, त्याला दोघांना एकच नाव एकाच तालुक्यासकट सुचावं, हे कसं झालं ते मला कळत नाही. ते नाव माझ्या ज्या लेखात होतं तो लेख एकाच माणसाने तपासला होता. सरांनी मला आज जे दिलं ते मी जन्मभर विसरणार नाही. सर, मी आपली कायम ऋणी राहीन."

पिशव्या आवरायचं थांबलं होतं. महाशयांनी तोंड उघडलं. माइककडे हात केला.

मी म्हणाले, "यानंतर राष्ट्रगीत होईल. कृपया सर्वांनी उभं राहावं."

आभारानंतर राष्ट्रगीत हा आमचा शिरस्ता आहे, तो काही मी नवीन काढला नाही. ध्वनिफीत सुरू झाली. अख्खं सभागृह सावधान. महाशयही सावधान, अंगावर शाल, कानाच्या पाळ्या लाल, नजर समोरच्या भिंतीवर. समोरचे सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि त्यांना हलता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं, मान वळवता येत नव्हती. मी माझं राष्ट्रगीत मोठ्या आवाजात म्हटलं. इतकं सुख मला माझ्या लग्नातही झालं नव्हतं.

पुढचं सगळं यथावकाश कागदोपत्री झालं. जर्नलने त्यांचा लेख मागे घेतला, माझ्यावरची चौकशी गुंडाळली, फाईल हलली. पण मला आठवते ती त्या दिवसाची संध्याकाळ. पाहुण्यांना नाशिक रोड स्टेशनला सोडायचं होतं आणि कुणीच पुढे येईना. प्राचार्य तर कुठल्या खोलीत जाऊन बसले होते कुणास ठाऊक. मी म्हटलं, "मी सोडते सरांना. माझ्या वाटेवरच आहे." मला त्यांचं तोंड अजून थोडा वेळ बघायचं होतं, दुसरं काही नाही.

सीबीएसचा बसस्टँड मागे पडला. मांडीवर नारळ, हातात स्मृतिचिन्ह. सारडा सर्कलच्या गर्दीत गाडी अडकली तेव्हा त्यांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता माफी मागतील. खरं सांगते, त्यांनी मागितली असती तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. माझी तयारी नव्हती.

"मॅडम," ते म्हणाले, "झालं ते झालं. यातून दोघांच्याही भल्याचा मार्ग काढता येईल. तो लेख आपण संयुक्त म्हणून देऊ. तुमचं नाव आधी, माझं मागून. हरकत नाही माझी. माझं नाव असलं तर कुठेही छापतील. नुसत्या तुमच्या नावावर, आता स्पष्टच बोलतो, कोण वाचणार?"

ते हे अगदी सौजन्याने म्हणाले. उपकार करतोय अशा सुरात. पश्चात्ताप नव्हता, लाजही नव्हती. राष्ट्रगीतभर उभा राहिलेला हा माणूस आतून जराही हलला नव्हता. माझा लेख त्यांना अजूनही बेवारस वाटत होता, आणि त्याला बापाचं नाव द्यायला ते तयार होते.

द्वारका चौक ओलांडून मी गाडी कडेला घेतली.

"सर, उतरा."

"इथे? माझी ट्रेन आहे अहो. स्टेशन कुठे आहे मला काय माहीत?"

मी वाकून त्यांच्या बाजूचं दार उघडलं. ते नारळ, शाल आणि स्मृतिचिन्ह सांभाळत उतरले, आणि मागून येणाऱ्या रिक्षेने कर्कश हॉर्न दिला म्हणून दचकून फुटपाथवर चढले.

"लोकांना विचारत विचारत जा, सर," मी म्हणाले. "क्षेत्रकार्य असंच करतात."

मग दार ओढून घेतलं आणि घरी गेले.